वहिनीची हळद, माझं आभाळ

आमच्या खानदानात ढगांविषयी ठामपणे बोलायचा मान माझा. मी वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, आणि भूगोल शिकवणाऱ्याला आभाळातलं सगळं कळतं अशी आमच्या गावाची समजूत आहे. ही समजूत दूर करायचा प्रयत्न मी कधी केला नाही. उलट लग्नाकार्यात कुणी मांडवाबाहेर येऊन वर पाहू लागलं, की मीही शेजारी जाऊन उभा राहायचो, कपाळावर आडवा हात धरायचो आणि कुणी विचारायची वाट पाहायचो. लोक विचारायचेच. मग मी जरा थांबून, वरच्या लोकांशी नुकतंच बोलणं झाल्यासारखा चेहरा करून, सांगायचो. निम्म्या वेळा ते खरं व्हायचं. निम्म्या वेळा खरं व्हायला भूगोलाची पदवी लागत नाही हे मला माहीत होतं, पण ते सांगून कुणाचा विरस करावा असं मला वाटलं नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चपर्यंत हे असं सुखात चाललं होतं.

आमचं गाव सेलू तालुक्यात, केळझरच्या अलीकडे. थोरला भाऊ तिथे भाजीपाला पिकवतो. वांगी, पालक, फुलगोबी आणि सांबार, ज्याला बाकीचा महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो. पहाटे तोडायचं, जुड्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत बाजार गाठायचा, हा त्याचा तीस वर्षांचा नेम. दादाचा पालकावर जेवढा विश्वास आहे तेवढा माणसांवर नाही. वहिनीच्या माहेरी, समुद्रपूरकडे, हळद होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि या पंचवीस वर्षांत तिनं एकच गोष्ट लावून धरली, की आपल्याही वावरात हळद येईल. दादानंही एकच उत्तर लावून धरलं, की ही सांबाराची जमीन आहे.

शेवटी कंटाळून म्हणा, किंवा एकदाची तिची खोड मोडावी म्हणून म्हणा, त्यानं नाल्याकडचा अर्धा एकर तिच्या हवाली केला. त्या अर्ध्या एकरात मातीपेक्षा दगड जास्त. अट अशी, की हळद चांगली पिवळीजर्द निघाली तर विहिरीजवळचा तुकडा पुढच्या वर्षापासून वहिनीचा, तिथे काय लावायचं ते ती ठरवेल. नाही निघाली, तर हळदीचं नाव घरात पुन्हा काढायचं नाही. फोडणीपुरती तेवढी सूट.

विहिरीजवळचा तुकडा म्हणजे आमच्या शेतातला सगळ्यात चांगला तुकडा. काळी, भुसभुशीत माती आणि पाणी हाताशी. तिथे काय लावायचं ते आधी आजोबांनी ठरवलं, मग बाबांनी, मग दादानं. घरातल्या बायकांनी त्या तुकड्यात निंदलं, खुरपलं, तोडलं, पाणी दिलं. ठरवलं तेवढं नाही. वहिनीला पाहिजे होतं ते एवढंच. तिनं माहेराहून बेणं आणलं, दगड वेचून बांधावर लावले आणि नऊ महिने त्या अर्ध्या एकराला असं जपलं, की आमच्या पुतण्याला म्हणे त्याच्या लहानपणी तेवढं कौतुक मिळालं नव्हतं. हे पुतण्याचंच म्हणणं.

मार्चच्या सुरुवातीला हळद काढली. ज्यांनी हळद फक्त डब्यात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीतून निघालेली हळद आधी कढईत उकडावी लागते, मग अंगणात पातळ पसरून दहा-बारा दिवस कडक उन्हात वाळवावी लागते. वाळली की हळकुंड मोडताना टणक आवाज येतो. या दहा-बारा दिवसांत पावसाचं पाणी लागलं तर रंग जातो, हळद काळपट पडते आणि नऊ महिन्यांवर पाणी फिरतं. म्हणजे पीक जमिनीत पास झालं तरी अंगणातला पेपर बाकी असतो.

त्या शनिवारी-रविवारी मी मदतीला गेलो होतो. मदतीला म्हणजे, चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, सारता सारता मी बोलत होतो आणि बाकीचे काम करत होते. रविवारी दुपारपर्यंत सगळी हळद अंगणभर पसरून झाली. आभाळ निळं, घासून धुतल्यासारखं. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "भाऊजी, पानी त नाई ना येनार?"

"मार्चात कुठून येनार पानी, वहिनी?" मी म्हणालो. मग मला राहवलं नाही. घरी मी वऱ्हाडीच बोलतो, पण हवामानाचा अंदाज मात्र शुद्ध मराठीत देतो, त्याला वजन येतं. मी म्हणालो, "सध्या हवेत बाष्पाचं प्रमाण अत्यल्प आहे. ढगनिर्मितीस अनुकूल परिस्थिती नाही."

वहिनीनं मान डोलावली. दादा बाजेवर बसून पालकाच्या जुड्या बांधत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं नाही. अट घातल्यापासून तो निवडणूक अधिकाऱ्यासारखा निःपक्षपाती झाला होता. हळदीकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तिचं पीक, तिनं पाहावं.

संध्याकाळी वर्ध्याला परत येईतो मोबाईलवर इशारा येऊन पडला होता, की पुढचे पाच दिवस विदर्भात मेघगर्जनेसह पाऊस आणि काही ठिकाणी गारपीट. माझ्या अंदाजाचं आयुष्य चार तास भरलं.

लाज वाटायला पाहिजे होती. वाटलं काय, तर आता आपली खरी गरज आहे. सोमवारी सकाळी शाळेत जायच्या आधी मी बाजारातून तीस बाय तीस फुटांची निळी ताडपत्री घेतली, मोटरसायकलला मागे बांधली, गावी नेऊन टाकली आणि शाळेला तासभर उशिरा पोचलो. वहिनीकडे झाकायला तिची सोय होती. पोती उसवून, जोडून तिनं मोठं गोणपाट शिवून ठेवलं होतं, माहेरी तसंच करतात म्हणे. रात्री दवापासून बचाव म्हणून ते टाकायचं, सकाळी काढायचं. मी त्या गोणपाटाकडे पाहून हसलो. त्यातून पाणी गळेल, हवा जाईल, सगळंच जाईल. ताडपत्रीतून काही जात नव्हतं. दुकानदारानं त्याची खात्री दिली होती.

सोमवारी आभाळात फक्त वर, फार उंच, पांढरे तंतू होते. पिंजलेल्या कापसाचे धागे दारात उडून राहावेत तसे. त्याच दिवशी सातवीला ढगांचा पाठ होता आणि मी दरवर्षीचा प्रयोग केला. प्लास्टिकची बाटली घ्यायची, तळाशी थोडं कोमट पाणी घालायचं, उदबत्तीचा धूर आत सोडायचा, झाकण घट्ट लावायचं. बाटली दाबायची आणि एकदम सोडायची. सोडली की आतली हवा पसरते, पसरली की थंड होते, आणि वाफेचे बारीक बारीक थेंब होऊन बाटलीत धुकं दाटतं. हाच ढग. धूर कशाला, तर वाफेला नुसतं थंड होऊन भागत नाही, टेकायला काहीतरी कण लागतो. धूळ चालते, धूर चालतो, मीठ चालतं. वर्ध्यात तेव्हा अर्धे रस्ते खोदलेले होते आणि आजूबाजूच्या शेतांत पऱ्हाट्या जळत होत्या, त्यामुळे वाफेला बसायला जागेची अडचण आमच्याकडे तरी नव्हती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाटली झाकणासकट वर्गाच्या खिडकीत ठेवली आणि विसरलो.

मंगळवारी हवा बदलली. सकाळपासून अंगाला चिकटा, पंख्याखाली बसूनही शर्ट पाठीला. अकरापर्यंत आभाळात गोबीच्या गड्ड्यांसारखे ढग उभे राहिले, तळ सपाट आणि डोकं वर वर वाढत चाललेलं. जमीन तापते, तिच्यावरची ओली हवा हलकी होऊन वर जाते, वर जाऊन थंड होते आणि असा ढग बांधते. हे मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. गणिताचे सर डबा खात होते, ते म्हणाले, पाऊस पडेल का तेवढं सांगा. माझ्या मोबाईलवर तीन ऍप होती. एकात सूर्य होता, एकात विजेचा बाण होता आणि तिसऱ्यात ढगाआडून डोकावणारा सूर्य होता, म्हणजे दोन्हीकडून सुटका. मी विजेच्या बाणाची बाजू घेतली. वहिनीला फोन केला, "वहिनी, ताडपत्री टाकून घ्या. आत्ताच्या आत्ता."

तिनं टाकली. चारही बाजूंनी दगड ठेवले. ताडपत्री एका बाजूला हातभर कमी पडली, तेवढी हळद उघडीच राहिली. त्या संध्याकाळी सेलूत पाऊस झाला. केळझरात चार थेंब. आमच्या गावात नुसता वारा.

बुधवारी मात्र आभाळानं माझी बाजू राखली. दुपारी चार वाजता वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेत, माझ्या घरावर, असा पाऊस कोसळला की समोरच्या घराची टाकी दिसेना. बोराएवढ्या गारा पडल्या. मी खिडकीत उभा राहिलो आणि, आता सांगायला हरकत नाही, मला आनंद झाला. अंदाज बरोबर आल्याचा आनंद फार वाईट असतो, त्यात कुणाचं काय भिजतंय ते दिसत नाही. मी वहिनीला फोन लावला. पत्र्यांच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं.

"वहिनी, पाह्यलं का कसं येऊन राह्यलं? ताडपत्री काढली त नाई ना?"

"नाई काढली," ती म्हणाली. "पन इथं त काईच नाई, भाऊजी. ऊन हाय."

"पानी येईन आता तिकडे. तिकडेच सरकून राह्यलं ते."

ढग कुठे सरकतो आहे हे माझ्या खिडकीतून दिसत नव्हतं. माझ्या खिडकीतून फक्त माझी गल्ली दिसते. पण मी पंचवीस किलोमीटर पुढचं सांगितलं, आणि तिनं ते घेतलं.

गुरुवारी सकाळी वर्गात शिरलो तर खिडकीतल्या बाटलीवर नजर गेली. तीन दिवस झाकण लावून उन्हात राहिलेली. आतून सगळी ओघळली होती, थेंबामागून थेंब कडेनं खाली उतरत होते. दिसायला वाईट दिसत होती. मी झाकण काढलं, बाटली पालथी करून बाहेर झटकली आणि कपाटात ठेवून दिली. मग वरांड्यात येऊन फोन उचलला, कारण वहिनीचाच आला होता.

"भाऊजी, सकाळपासून चांगलं ऊन पडलं. काढू का ताडपत्री?"

"तीच त चूक करतात लोक," मी म्हणालो आणि शुद्ध मराठीत शिरलो. "सकाळचं ऊन हेच दुपारच्या ढगाचं कारण असतं. जमीन जितकी तापेल तितका ढग मोठा. आज तर काढूच नका."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पुस्तकात तसंच आहे.

शुक्रवारी पुन्हा फोन. या वेळी तिचा आवाज जरा खाली होता. "भाऊजी, वास येऊन राह्यला. आंबूस."

"हळदीचा वास येनारच, वहिनी."

"हा हळदीचा नाई."

"उद्या मी येतोच. मी आल्यावर काढू. आज संध्याकाळचा इशारा हाय." इशारा होता, जिल्ह्याचा होता. जिल्हा किती मोठा असतो हे मीच दरवर्षी नकाशावर काठी ठेवून शिकवतो.

"बरं," ती म्हणाली. " तुमी म्हनता त ठीक." आणि तिनं फोन ठेवला.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला मी निघालो तेव्हा आभाळ पुन्हा रविवारसारखं निळं झालं होतं. सेलूपर्यंत रस्त्याच्या कडेला पाणी साचलेलं, पुढे पुढे ते कमी होत गेलं, आणि आमच्या गावाच्या रस्त्यावर मोटरसायकलमागे फुफाटा उडायला लागला. तेव्हाच काहीतरी कळायला पाहिजे होतं. मी गॉगल सावरला.

अंगणात निळी ताडपत्री ताठ पसरलेली होती आणि तिच्यावर धूळ बसलेली होती. चार दिवसांत तिच्यावर पावसाचा एक थेंब पडल्याची खूण नव्हती. दादा बाजारातून येऊन बाजेवर टेकला होता. मी आणि वहिनीनं दोन टोकं धरली, दगड सरकवले आणि ताडपत्री उलटी फेकली.

आतून पाऊस पडत होता. दुसरा शब्द नाही मला. ताडपत्रीच्या खालच्या बाजूला थेंब गच्च बसलेले, उलटताना ते सरसरून हळदीवर पडले. वाफेचा एक भपका तोंडावर आला, त्याला आंबल्याचा वास होता. मधली हळद चिकट झाली होती. वरचा थर तपकिरी, खालचा काळपट, आणि जागोजागी पांढरी बुरशी.

उकडलेली ओली हळद. तिच्यावर चार दिवसांचं ऊन. ऊन लागलं की पाणी वाफ होऊन वर जाणार. वर प्लास्टिक. रात्री प्लास्टिक थंड होणार, वाफेचे थेंब होणार, थेंब खाली पडणार, सकाळी पुन्हा ऊन. मी सातवीच्या पोरांना बाटलीत दाखवतो तो ढग मी तीस बाय तीस फुटांचा बांधला होता आणि त्याचा पाऊस रोज रात्री नेमानं वहिनीच्या हळदीवर पाडला होता. जिल्ह्यात त्या आठवड्यात पाऊस कुठे पडला, कुठे नाही पडला. आमच्या अंगणात तो फक्त ताडपत्रीखाली पडला.

मला हे सगळं उभ्या उभ्या, टप्प्याटप्प्यानं, आकृतीसकट समजलं. एवढं चांगलं मला कुठलंच प्रकरण कधी समजलं नव्हतं.

वहिनी खाली बसली. तिनं एक हळकुंड उचललं, दाबलं. ते मोडलं नाही, वाकलं. ते तिनं परत जागेवर ठेवलं, नीट, बाकीच्यांच्या ओळीत.

दादा उठून आला. आठवड्यात पहिल्यांदा त्यानं हळदीकडे पाहिलं. "काऊन वं," तो म्हणाला, "एवढं ऊन पडून राह्यलं होतं, त झाकून काऊन ठेवली?"

आता ती सांगणार, असं मला वाटलं. मी जमिनीकडे पाहत राहिलो.

"मले वाटलं, पानी येईन," वहिनी म्हणाली.

"वाटलं," दादा म्हणाला. त्यात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. पंचवीस वर्षांचं बरोबर निघालेलं मत होतं. "झालं मंग. इहिरीपाशी भेंडी टाकू."

ज्याला बोलण्याचाच पगार मिळतो तो माणूस बोलला नाही. हात धुऊन जेवायला बसलो. वहिनीनं वाढलं. वांग्याची भाजी होती, भाकर होती. तिनं मला भाकर आग्रहानं वाढली, नेहमीसारखी, आणि ती मी नेहमीसारखी खाल्ली. दादानं वर्ध्याच्या गारांची चौकशी केली. मी आकारमानासकट माहिती दिली. मग पाणी प्यालो, येतो म्हणालो आणि मोटरसायकल काढली.

गावाबाहेरच्या पुलापर्यंत गेलो असेन. तिथे गाडी थांबवली. मला शरम वाटत होती, आणि ती गॉगल लावून जात नव्हती. आयुष्यभर न विचारता मतं देत आलो, आणि जिथे एका वाक्याची खरी गरज होती तिथे मी गारा सांगत बसलो. गाडी वळवली.

दादा अजून अंगणातच होता, ताडपत्रीची घडी घालत. मी गाडीवरून न उतरताच म्हणालो, नाहीतर पुन्हा धीर गेला असता.

"दादा, ते मी सांगतलं होतं."

"काय?"

"ताडपत्री काढू नका म्हनून. रोज फोन करून. वहिनी त रोज काढाले इचारून राह्यली होती."

दादानं घडी खाली ठेवली. "रोज?"

"रोज."

"म्हंजे इथलं ऊन इच्या डोक्यावर, आन तुले ते तिकडून दिसे?"

"मोबाईलवर," मी म्हणालो.

दादा चालत अंगणाच्या त्या कडेला गेला जिथे ताडपत्री हातभर कमी पडली होती. तिथली हळद आठवडाभर उघडीच होती. ऊन, वारा, सगळं खाल्लेली. त्यानं त्यातलं एक हळकुंड उचललं आणि मोडलं. अजून पुरतं वाळलं नव्हतं, पण आवाज आला. आतला रंग केशरीकडे झुकणारा पिवळा होता. त्यानं ते नाकाशी नेलं, मग दुसरं मोडलं, मग तिसरं. पालकाशिवाय कशाचाही वास तो एवढ्या लक्षपूर्वक घेईल असं मला वाटलं नव्हतं.

"वावरात त बरोबर आलती," तो म्हणाला. माझ्याशी नाही, हळकुंडाशी.

वहिनी दारात येऊन उभी होती. दादानं तिच्याकडे न पाहता विचारलं, "बेनं हाय का?"

"हाय."

"ते बी झाकलं का यानं?"

"नाई. ते आंब्याखाली हाय. पाल्यात ठेवलं." मग ती म्हणाली, "त्याचं मी कोनाले इचारलं नाई."

मी जाऊन पाहिलं. आंब्याच्या सावलीत, वर पळसाचा आणि हळदीचाच सुका पाला टाकून, तिच्या माहेरच्या रीतीनं ठेवलेला गड्ड्यांचा ढीग होता. कोरडा, टवटवीत, आतून हवा खेळती. त्याला ताडपत्री लागली नव्हती, इशारा लागला नव्हता, मी लागलो नव्हतो. परत आलो तर दादा बाजेवर बसून पुन्हा जुड्यांची दोरी सोडवत होता. "भेंडी नाल्याकडे टाकू," तो म्हणाला. एवढंच. त्याच्या तोंडून निकाल इतक्याच लांबीचा निघतो.

वहिनी मला मोटरसायकलपर्यंत पोचवायला आली. मी माफी मागायची वाक्यं जुळवत होतो, ती सगळी शुद्ध मराठीत येत होती. तिनं ती ऐकून घेतली नाहीत.

"भाऊजी, तुमचा राग नाई येत मले," ती म्हणाली. "तुमी चांगल्यासाठीच सांगतलं. मले माह्या राग येते. मले वास येत होता. माह्या हाताले समजत होतं. तरी मी तुमचं आयकलं, काऊन का तुमी शिकलेले." तिचे डोळे भरले होते आणि ती मला ते लपवत नव्हती. मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे अजूनही चांगलं वाक्य नाही. फार वाईट वाटलं.

अक्षय तृतीयेनंतर विहिरीजवळच्या तुकड्यात हळद लागली. मी सुट्टीत जाऊन दोन दिवस बेणं लावलं, न बोलता. घरच्यांना माझी तब्येत बरी नाही असं वाटलं. वर्षभर वहिनीचे फोन येत राहिले. पोरांची शाळा, माझं गुडघेदुखीचं औषध, पुतण्यासाठी पाहिलेली मुलगी, सगळं ती विचारायची. आभाळाचं एका शब्दानं विचारलं नाही. ढगाळलेल्या दिवशी मी मुद्दाम फोन करायचो, बोलणं हळूच तिकडे वळवायचो, ती ते हळूच परत वळवायची.

यंदाच्या मार्चमध्ये हळद उकडून अंगणात पडली त्याच आठवड्यात पुन्हा आभाळ आलं. मोबाईल दिवसभर किणकिणत होता. एकात सूर्य, एकात बाण, एकात दोन्ही. तीन दिवस मी फोन हातात धरून तिच्या फोनची वाट पाहिली. चौथ्या दिवशी मीच लावला.

"वहिनी," मी म्हणालो, "तिकडे पानी येईन का?"

हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला विचारत होतो. चपला सरकवल्याचा आवाज आला, मग फाटक वाजलं, मग मोकळ्यावरचा वारा फोनमध्ये शिरला. ती बाहेर जाऊन उभी राहिली होती.

"नाई येत," ती म्हणाली. "वारा खालचा हाय, त्यानं ढग पांगून जाते. गोनपाट काढून टाकलं मी सकाळीच."

"आन इकडे? वर्ध्याले?"

"तुमच्या तिकडचं मले काय माईत, भाऊजी?" ती म्हणाली. "तुमी भायेर जाऊन पाहा ना."

मी फोन खिशात घातला आणि बाहेर जाऊन पाहिलं.